जुन्या अ‍ॅपची बिल्ड सेटिंग्ज नव्या अ‍ॅपमध्ये नेताना काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीतल्या दोघांच्या चमूने आंबा बागायतदारांसाठी पेट्यांच्या ऑर्डरी घेणारे अँड्रॉइड अ‍ॅप काही हंगाम चालवले आहे आणि त्याची बिल्ड (कोडपासून तयार अॅप बनवण्याची प्रक्रिया) आता रुळली आहे. गुहागर-दापोलीकडच्या घरगुती निवास-न्याहारीच्या बुकिंगसाठी दुसरे अ‍ॅप सुरू केले. हर्णैच्या मासळी लिलावाचे भाव दाखवणारे तिसरेही ठरले आहे. आंब्याच्या अ‍ॅपची बिल्ड फाइल उचलून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकली, नावे बदलली आणि चार तक्रारी उभ्या राहिल्या. ‘बिल्डकॉन्फिग’ (बिल्डच्या वेळी तयार होणारा सेटिंग्जचा क्लास) सापडत नाही असे कम्पायलर म्हणतो. डिबगमध्ये (चाचणीच्या बिल्डमध्ये) खोल्यांची यादी बरोबर दिसते, रिलीजमध्ये (प्रकाशनाच्या बिल्डमध्ये) रिकामी. मराठी मजकूर लिहूनही फोनवर इंग्रजीच दिसते. आणि गूगल लॉगिन केबलने टाकलेल्या अ‍ॅपमध्ये चालते, प्ले स्टोअरवरून उतरवलेल्यात चालत नाही. तर सेटिंग्ज नेण्याची नीट पद्धत कोणती?

चारही तक्रारींचे मूळ एकच आहे. बिल्ड फाइल दिसायला एक असली तरी तिच्यातल्या ओळींचे मालक तीन आहेत. काही ओळी चमूच्या असतात, म्हणजे सगळ्या अ‍ॅपना सारख्याच लागू. काही त्या एका अ‍ॅपच्या असतात, त्याची ओळख सांगणाऱ्या. आणि काही फक्त त्या संगणकाच्या. पहिल्या न्यायच्या, दुसऱ्या नव्याने लिहायच्या, तिसऱ्या जागच्या हलवायच्या नाहीत. अख्खी फाइल उचलली की तिन्ही एकदम जातात, आणि बहुतेक वेळा बिल्ड यशस्वी होत असल्यामुळे चूक कळायला प्ले स्टोअरपर्यंत जावे लागते. (खाली फायलींची आणि सेटिंग्जची नावे देवनागरीत लिहिली आहेत, प्रकल्पात ती रोमन लिपीत सापडतील.)

आधी आवृत्त्यांची जुडी

चमूच्या मालकीच्या गोष्टींत सर्वांत नाजूक म्हणजे आवृत्त्या. ग्रेडल (बिल्ड चालवणारे साधन), अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन (ग्रेडलला अँड्रॉइडची बिल्ड शिकवणारा, पुढे एजीपी), कॉटलिन (कोडची भाषा), जेडीके (जावाची साधने) आणि कम्पाइल-एसडीके (कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीच्या आधाराने कोड कम्पाइल करायचा तो आकडा) या पाच गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यातली एकच नेता येत नाही, पूर्ण जुडीच न्यावी लागते. एजीपी ७.४ ला किमान ग्रेडल ७.५ आणि जेडीके ११ पुरतो. एजीपी ८.० पासून जेडीके १७ शिवाय बिल्ड सुरूच होत नाही. एजीपी ८.६ ला किमान ग्रेडल ८.७ लागतो, आणि कम्पाइल-एसडीके ३५ ठेवायचे तर एजीपी निदान ८.६ हवा. कॉटलिनचेही तसेच. १.९ पर्यंत कम्पोजच्या (पडदे रचण्याच्या साधनाच्या) कम्पायलरची आवृत्ती कॉटलिनशी जुळवून ‘कम्पोज-ऑप्शन्स’मध्ये लिहावी लागे (१.९.२२ सोबत १.५.१०, १.९.२४ सोबत १.५.१४). कॉटलिन २.० पासून ती ओळ काढून कॉटलिनच्याच आवृत्तीचा कम्पोज प्लगइन लावायचा असतो. जुन्या फाइलमधली ती ओळ तशीच नव्या प्रकल्पात आणू नका.

तुमची पहिली तक्रार इथलीच आहे. आंब्याचे अ‍ॅप एजीपी ७ च्या काळातले असणार आणि नवे अ‍ॅप नव्या अँड्रॉइड स्टुडिओने एजीपी ८ वर तयार केलेले. एजीपी ८.० मध्ये काही मूळ गोष्टी बदलल्या. ‘बिल्डकॉन्फिग’ आपोआप तयार होणे बंद झाले. ‘बिल्ड-फीचर्स’मध्ये ते स्पष्ट चालू करावे लागते. ‘नेमस्पेस’ मॅनिफेस्टमधून (अॅपची माहिती अँड्रॉइडला देणाऱ्या फाइलमधून) निघून बिल्ड फाइलमध्ये सक्तीचे झाले. प्रत्येक मॉड्यूलच्या ‘आर’ क्लासमध्ये (मजकूर, चित्रे अशा संसाधनांचे आकडे ठेवणाऱ्या) फक्त त्याचीच संसाधने येऊ लागली. ‘आर’मधले आकडे स्थिर राहिले नाहीत, म्हणून जुन्या जावा कोडमधले ‘स्विच’-‘केस’ तुटतात. आणि आर-८ ची (रिलीजचा कोड आखडणाऱ्या साधनाची) पूर्ण पद्धत आपोआप चालू झाली. तिच्याकडे दुसऱ्या तक्रारीत येऊच.

म्हणून क्रम उलटा करा. आधी आंब्याचे अ‍ॅप जागच्या जागी नव्या जुडीवर आणा, ते नीट चालते आहे हे पाहा, आणि मगच त्यातून सेटिंग्ज उचला. आवृत्ती बदलणे आणि सेटिंग्ज हलवणे ही दोन कामे एकाच दिवशी केली की चूक कशातून आली हे शोधता येत नाही. स्टुडिओचा अपग्रेड असिस्टंट वापरलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: जुने वागणे टिकावे म्हणून तो ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये तीन ओळी घालतो. बिल्डकॉन्फिग चालू, नॉन-ट्रान्झिटिव्ह आर बंद आणि नॉन-फायनल रिस-आयडी बंद. या ओळी जुन्या कोडसाठी कुबड्या आहेत. नव्या अ‍ॅपमध्ये त्या नेऊ नका; तिथे ज्या मॉड्यूलला बिल्डकॉन्फिग लागतो तिथेच तो चालू करा.

ग्रेडल रॅपर (ठरलेली ग्रेडल उतरवून चालवणाऱ्या फायली) नेताना चार गोष्टी एकत्र जायला हव्यात: ‘ग्रेडलडब्ल्यू’, त्याची ‘बॅट’ जोडीदार, रॅपरची प्रॉपर्टीज फाइल आणि रॅपरची ‘जार’. शेवटची हमखास मागे राहते, कारण ‘गिटइग्नोर’मध्ये (कोडच्या नोंदी ठेवणाऱ्या गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) कोणीतरी सगळ्या जार वगळलेल्या असतात. मग ‘ग्रेडल-रॅपर-मेन’ हा मुख्य क्लास सापडत नाही अशी तक्रार येते. त्या एका जारसाठी उद्गारचिन्हाचा अपवाद लिहा. विंडोजवरून लिनक्सवर जाताना ‘ग्रेडलडब्ल्यू’च्या ओळींची शेवटे बदललेली असली तर ती चालत नाही, ‘गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’मध्ये तिला ‘एलएफ’ आणि बॅट फाइलला ‘सीआरएलएफ’ ठरवून द्या. त्याहून सोपे म्हणजे नव्या प्रकल्पात ‘रॅपर’ हे टास्क हवी ती ग्रेडल आवृत्ती देऊन दोनदा चालवणे. पहिल्या वेळी फक्त प्रॉपर्टीज बदलते, दुसऱ्या वेळी जार आणि स्क्रिप्टही.

स्टुडिओत बिल्ड होते पण टर्मिनलमध्ये होत नाही, हेही या टप्प्यावर दिसते. स्टुडिओ स्वतःचा जेडीके वापरतो आणि टर्मिनल ‘जावा-होम’मधला. शिवाय जावा आणि कॉटलिनची टार्गेट आवृत्ती वेगवेगळी राहिली, एकाची १.८ आणि दुसऱ्याची १७, तर ‘इनकन्सिस्टंट जेव्हीएम टार्गेट’ ही चूक येते. दोन्हीकडे १७ लिहा.

रिकामी यादी

रिलीजमध्ये खोल्यांची यादी रिकामी येण्याचे कारण जवळजवळ नक्कीच प्रोगार्डच्या नियमांत (आखडताना काय तसेच ठेवायचे हे आर-८ ला सांगणाऱ्या) आहे. आंब्याच्या अ‍ॅपमध्ये त्या अ‍ॅपच्या पॅकेजचे ‘मॉडेल’ फोल्डर जसेच्या तसे ठेवा असा नियम असणार. फाइल नव्या अ‍ॅपमध्ये आली, पण पॅकेजचे नाव बदलले. आता तो नियम कशालाच लागू होत नाही, आणि लागू न होणाऱ्या नियमाबद्दल बिल्ड थांबत नाही. आर-८ मॉडेलमधल्या फील्डची नावे आखूड करतो. सर्व्हरकडून आलेल्या जेसनमध्ये (नाव-किंमत जोड्यांच्या मजकुरात) ‘रूम-नेम’ असते, क्लासमध्ये मात्र ‘ए’. जीसन (जेसन वाचणारी लायब्ररी) नाव जुळवून वाचतो, जुळत नाही म्हणून फील्ड रिकामे सोडतो. अ‍ॅप बंदही पडत नाही, म्हणून क्रॅशचा अहवालही येत नाही. डिबगमध्ये आखडणे बंद असते, त्यामुळे तिथे सगळे ठीक दिसते.

खात्री करायला रिलीज बिल्डनंतर अ‍ॅप मॉड्यूलच्या ‘बिल्ड/आउटपुट्स/मॅपिंग/रिलीज’ या फोल्डरात जा. तिथल्या ‘मॅपिंग’ फाइलमध्ये तुमच्या मॉडेल क्लासचे नाव बाणानंतर बदललेले दिसले, तर निदान पक्के झाले. त्याच फोल्डरातल्या ‘कॉन्फिगरेशन’ फाइलमध्ये सगळ्या लायब्ररींसह प्रत्यक्ष लागू झालेले नियम एकत्र मिळतात, आणि ‘युसेज’ फाइलमध्ये काय काय काढून टाकले ते. सेटिंग्ज हलवल्यावर या तीन फायली डोळ्यांखालून घालायची सवय लावा. दहा मिनिटांचे काम आहे.

उपाय म्हणून आखडणे बंद करू नका, अ‍ॅप फुगते आणि मूळ दोष तसाच राहतो. चांगला उपाय म्हणजे प्रत्येक फील्डवर ‘सीरिअलाइज्ड-नेम’ लिहिणे आणि मॉडेल क्लासवर ‘कीप’ ही खूण लावणे. मग नियम पॅकेजच्या नावावर अवलंबून राहत नाही आणि तिसऱ्या अ‍ॅपमध्ये हीच अडचण पुन्हा येत नाही. पॅकेजच्या नावाने लिहिलेला प्रत्येक नियम हा अ‍ॅपच्या मालकीचा. तो चमूच्या सामाईक फाइलमध्ये कधीही जाऊ नये. लायब्ररींसाठीचे नियम मात्र सामाईक असू शकतात.

मराठी कुठे गेली

याचे उत्तर एका ओळीत असते आणि म्हणूनच ते सापडत नाही. आंब्याच्या अ‍ॅपचे गिऱ्हाईक परगावचे. म्हणून त्यात ‘रिसोर्स-कॉन्फिगरेशन्स’मध्ये इंग्रजी आणि हिंदी एवढ्याच भाषा ठेवल्या असतील, जेणेकरून लायब्ररींतल्या पन्नास भाषांचा मजकूर अ‍ॅपमध्ये येऊ नये. ती ओळ दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आली की ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डर कितीही भरलेले असो, पॅकेजिंगच्या वेळी ते गाळले जाते. चूक नाही, इशारा नाही. त्या यादीत ‘एमआर’ घाला.

ते करूनही काही फोनवर मराठी येत नसेल तर दुसरे कारण आहे. २०२१ च्या ऑगस्टपासून प्लेवर नवे अ‍ॅप बंडल स्वरूपातच द्यावे लागते, आणि बंडलमधून प्ले फक्त फोनच्या सेटिंगमधल्या भाषांचा मजकूर उतरवते. कोकणात अनेकांचा फोन इंग्रजीवर असतो, आणि मराठी निवडतात ती अ‍ॅपच्या आतल्या बटणाने. बटण दाबले जाते, पण मराठीचा तुकडा फोनवर आलेलाच नसतो. ‘बंडल’ गटात ‘लँग्वेज’खाली ‘इनेबल-स्प्लिट’ बंद करा. तीन भाषांच्या मजकुराने अ‍ॅपचा आकार नावालाच वाढतो. ही सेटिंग आंब्याच्या अ‍ॅपमध्ये नसली तरी निवास आणि मासळीच्या अ‍ॅपमध्ये हवीच.

भाषेचीच आणखी एक अडचण: अ‍ॅपचे मराठी नाव किंवा कुठलाही देवनागरी मजकूर ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये ठेवू नका. जावाच्या प्रॉपर्टीज फायली जुन्या लॅटिन-१ पद्धतीने वाचल्या जातात, अक्षरांचा चिवडा होतो. मजकुराची जागा ‘स्ट्रिंग्ज’ फाइलमध्ये. आणि विंडोजवर प्रकल्पाच्या पाथमध्ये ‘मासळी’ असे देवनागरी फोल्डर असेल तर एजीपी बिल्डच नाकारतो. ती तपासणी बंद करणारी सेटिंग आहे, पण तिच्या मागे लागू नका. फोल्डर रोमन अक्षरांत ठेवा.

अ‍ॅपची ओळख सांगणाऱ्या ओळी

‘अ‍ॅप्लिकेशन-आयडी’ फोनला आणि प्लेला अ‍ॅप ओळखू येण्यासाठी असते. एकदा प्रकाशित झाल्यावर ती बदलता येत नाही. ‘नेमस्पेस’ फक्त कोडमधल्या ‘आर’ आणि ‘बिल्डकॉन्फिग’ क्लाससाठी असते. दोन्हींची गल्लत होते, म्हणून दोन्ही हाताने नव्याने लिहा. ‘व्हर्जन-कोड’ नव्या अ‍ॅपमध्ये १ पासून सुरू करा. चुकून आंब्याच्या अ‍ॅपचा ४७ गेला तर बिघडत काही नाही, पण प्लेवर चढवल्यावर खाली येता येत नाही.

मॅनिफेस्टमधला ‘फाइल-प्रोव्हायडर’ (दुसऱ्या अॅपना फायली देणारा भाग) तपासाच. त्याची ‘ऑथॉरिटी’ थेट आंब्याच्या अ‍ॅपच्या नावाने लिहिलेली असली, तर ज्या फोनवर आंब्याचे अ‍ॅप आधीच आहे तिथे निवासाचे अ‍ॅप बसणारच नाही. ‘कॉन्फ्लिक्टिंग प्रोव्हायडर’ असे कारण येते. ज्या बागायतदाराच्या घरी निवास-न्याहारीही आहे, तो नेमका या अडचणीत सापडेल. नावाच्या जागी ‘अ‍ॅप्लिकेशन-आयडी’चा प्लेसहोल्डर वापरा म्हणजे ही ओळ निर्धास्तपणे सामाईक होते.

आता चौथी तक्रार. ‘गूगल-सर्व्हिसेस’ची जेसन फाइल प्रत्येक अ‍ॅपची वेगळी. जुनी नेली तर ‘पॅकेज नावाचा क्लायंट सापडला नाही’ म्हणून बिल्ड थांबते, हे चांगलेच. निदान कळते तरी. तुमचे तसे झालेले नाही, म्हणजे फाइल नवी आहे. राहिला प्रश्न एसएचए-१ ठशांचा, म्हणजे सहीची किल्ली ओळखणाऱ्या आकड्यांचा. एका अ‍ॅपला तीन प्रकारच्या किल्ल्यांचे ठसे लागतात. डिबगची किल्ली, जी प्रत्येक संगणकावर वेगळी तयार होते. अपलोडची किल्ली, जिने तुम्ही बंडलवर सही करता. आणि प्लेची स्वतःची सही करण्याची किल्ली, कारण प्ले तुमची सही काढून स्वतःच्या किल्लीने अ‍ॅप पुन्हा सही करते. पहिले दोन ठसे ‘साइनिंग-रिपोर्ट’ या टास्कने मिळतात. तिसरा फक्त प्ले कन्सोलमध्ये अ‍ॅप-साइनिंगच्या पानावर मिळतो, आणि तोच फायरबेसमध्ये (गूगलच्या अॅप-सेवांच्या पानावर) घालायचा राहतो. म्हणून केबलने चालते आणि स्टोअरवरून चालत नाही. नकाशाच्या एपीआय किल्लीवर अ‍ॅपचे निर्बंध लावले असतील तर तिलाही हाच नियम लागू. चमूत दोघे असाल तर डिबगचे ठसेही दोन्ही संगणकांचे घाला.

सहीच्या किल्लीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एका किल्लीने तिन्ही अ‍ॅप सही करता येतात, पण करू नयेत. उद्या मासळी अ‍ॅप एखाद्या सहकारी संस्थेच्या ताब्यात द्यायचे ठरले तर किल्ली द्यावी लागेल, आणि तीच बागायतदारांच्याही अ‍ॅपची असेल. प्रत्येक अ‍ॅपला वेगळे की-स्टोअर (किल्ली ठेवायची फाइल) करा. पासवर्ड प्रकल्पाच्या ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मध्ये लिहू नका, कारण ती फाइल गिटमध्ये जाते आणि नंतर ओळ पुसली तरी इतिहासात राहते. ते तुमच्या होम फोल्डरातल्या ‘.ग्रेडल’मधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा आणि नावांना अ‍ॅपचा उपसर्ग लावा. प्लेकडे सही असल्यामुळे अपलोडची किल्ली हरवली तर ती बदलून मागता येते, पण त्यात दिवस जातात. की-स्टोअरची एक प्रत दुसऱ्या घरात असू द्या. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना तळमजल्यावरच्या एकमेव संगणकाचा अर्थ समजावून सांगायला नको.

टार्गेट-एसडीके (कोणत्या अँड्रॉइड आवृत्तीच्या नियमांनी वागायचे ते सांगणारा) हा आकडा चमूचा वाटतो, पण त्याचे परिणाम अ‍ॅपवर होतात. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्लेला किमान ३५ लागतो, तेव्हा तो नेणे आलेच. पण ३५ वर अँड्रॉइड १५ मध्ये स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत पसरते, आणि तळाचे ‘बुकिंग करा’ बटण फोनच्या पट्टीखाली जाऊ शकते. आकडा नेल्यावर प्रत्येक पडदा प्रत्यक्ष फोनवर पाहा. ‘एबीआय-फिल्टर्स’मध्ये (कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचे त्या यादीत) फक्त ६४ बिटांचा प्रकार ठेवला असेल तर स्वस्तातल्या ३२ बिटांच्या फोनना प्ले अ‍ॅप देत नाही. हर्णैच्या बंदरावर कोणते फोन हातात असतात ते पाहून ठरवा.

संगणकाच्या मालकीचे

‘लोकल.प्रॉपर्टीज’ नेऊ नका. तिच्यात एसडीकेचा त्या संगणकावरचा पाथ असतो आणि स्टुडिओ ती पुन्हा तयार करतो. ‘.आयडिया’ फोल्डरही नको. आणि ‘बिल्ड’ व ‘.ग्रेडल’ फोल्डर असलेली अख्खी कॉपी तर मुळीच नको.

मेमरीचा आकडा मात्र फसवतो. ‘ग्रेडल.प्रॉपर्टीज’मधल्या जेव्हीएमच्या ओळीत एकाने १६ जीबीच्या संगणकासाठी ४ जीबी लिहिले आणि दुसऱ्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप असला, तर ‘डेमन अचानक नाहीसा झाला’ असे म्हणून बिल्ड मरते. कारण कॉटलिनचा डेमन (मागे चालत राहणारी प्रक्रिया) वेगळा चालतो आणि स्वतंत्र सांगितले नाही तर तीच मर्यादा उचलतो. म्हणजे ४ चे ८ होतात. सामाईक फाइलमध्ये २०४८ एमबी आणि यूटीएफ-८ एन्कोडिंग एवढेच ठेवा. ज्याला जास्त हवे त्याने स्वतःच्या होम फोल्डरात लिहावे. तिथली ओळ प्रकल्पाच्या ओळीला मागे सारते. याच कारणाने, प्रकल्पात आकडा बदलूनही फरक पडत नसेल तर आधी होम फोल्डर उघडून पाहा.

तिसऱ्या अ‍ॅपपूर्वी सामाईक जागा

दोन अ‍ॅपपर्यंत हाताने नेणे चालते. तिसरे येणार असेल तर आत्ताच सामाईक बिल्ड वेगळी काढा, कारण तीन ठिकाणचे आकडे तीन महिन्यांत वेगळे होतात. ‘सामाईक-बिल्ड’ नावाची वेगळी रेपो (गिटमधला स्वतंत्र प्रकल्प) करा. तिच्यात ‘कॉटलिन-डीएसएल’ प्लगइन लावलेले एक मॉड्यूल, एजीपी आणि कॉटलिनचे ग्रेडल प्लगइन डिपेंडन्सी म्हणून, आणि सोर्स फोल्डरात ‘कोकण.अँड्रॉइड.अ‍ॅप’ अशा नावाची ग्रेडल स्क्रिप्ट. स्क्रिप्टचे नाव हेच प्लगइनचे नाव होते. कम्पाइल-एसडीके, मिन-एसडीके, जावा १७, लिंटचे (कोड तपासणीचे) नियम, आखडणे चालू, भाषांचा तुकडा बंद, हे सगळे त्या स्क्रिप्टमध्ये. प्रत्येक अ‍ॅपच्या ‘सेटिंग्ज’ फाइलमध्ये ‘प्लगइन-मॅनेजमेंट’खाली ‘इन्क्लूड-बिल्ड’ने ही रेपो जोडा. अ‍ॅपच्या बिल्ड फाइलमध्ये मग प्लगइनचे नाव, नेमस्पेस, अ‍ॅप्लिकेशन-आयडी, आवृत्ती, भाषांची यादी आणि डिपेंडन्सी एवढेच उरते. ती फाइल चाळीस ओळींच्या वर गेली तर समजा की काहीतरी चुकीच्या जागी आहे.

‘बिल्ड-एसआरसी’ (बिल्डचा सामाईक कोड ठेवायचे ग्रेडलचे फोल्डर) का नको? ते एकाच प्रकल्पाच्या पोटात राहते, त्यामुळे वाटून घेता येत नाही, आणि त्यातली ओळ बदलली की जवळजवळ सगळी बिल्ड पुन्हा होते.

इथे दोन अडथळे येतातच. पहिला: ‘प्लगइन आधीच क्लासपाथवर आहे, आवृत्ती अज्ञात’ अशी चूक. मूळ बिल्ड फाइलमध्ये एजीपीची आवृत्ती लिहिलेली जुनी ओळ राहिलेली असते. सामाईक बिल्डकडून प्लगइन येऊ लागला की ती काढायची. दुसरा: ‘लिब्ज’ हा आवृत्त्यांचा कॅटलॉग त्या स्क्रिप्टमध्ये थेट मिळत नाही. सामाईक बिल्डच्या स्वतःच्या सेटिंग्ज फाइलमध्ये कॅटलॉग जाहीर करा, आणि स्क्रिप्टच्या आत ‘व्हर्जन-कॅटलॉग्ज-एक्स्टेन्शन’मधून नावाने मागा. कॅटलॉगची टॉम्ल फाइलही याच रेपोत ठेवा आणि तिन्ही अ‍ॅपनी तिथूनच वाचावी. आंब्याच्या जुन्या अ‍ॅपमध्ये मॉड्यूलच्या पातळीवर ‘रिपॉझिटरीज’ लिहिलेल्या असतील तर नवी सेटिंग्ज फाइल त्या नाकारेल. त्या काढा, आणि त्यात ‘जेसेंटर’ (लायब्ररींचे जुने कोठार) दिसला तर तोही. ती सेवा बंद करण्याची घोषणा २०२१ मध्येच झाली आहे.

रेपो अ‍ॅपच्या शेजारच्या फोल्डरात ठेवण्याऐवजी गिट सबमॉड्यूल म्हणून जोडा. त्यामुळे प्रत्येक अ‍ॅप सामाईक बिल्डच्या एका ठरावीक कमिटला बांधलेले राहते, आणि मासळीसाठी केलेला बदल न विचारता आंब्यात शिरत नाही.

नेले ते बरोबर नेले का

हलवण्याआधी आंब्याच्या अ‍ॅपमध्ये ‘डिपेंडन्सीज’ टास्क ‘रिलीज-रनटाइम-क्लासपाथ’साठी चालवून निकाल फाइलमध्ये घ्या. सामाईक बिल्डवर आणल्यावर पुन्हा घ्या आणि दोन्हींचा फरक पाहा. फरक शून्य हवा. जो दिसेल त्याचे कारण सांगता आले पाहिजे. ‘बिल्ड-एन्व्हायर्नमेंट’ टास्कने प्लगइनच्या आवृत्त्या अशाच ताडून पाहा. मग रिलीज बंडल करून ते प्लेच्या अंतर्गत चाचणीच्या ट्रॅकवर चढवा आणि तिथूनच फोनवर उतरवा. केबलने केलेली चाचणी इथे पुरत नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी दोन तरी केबलवर नीट दिसत नाहीत. फोन इंग्रजीवर ठेवून आतून मराठी निवडा, लॉगिन करा, यादी उघडा, आणि आंब्याचे अ‍ॅप त्याच फोनवर आधीपासून असू द्या.

हे सगळे कधी करायचे, हेही ठरवायला हवे. मार्च ते मे आंब्याच्या बिल्डला हात लावू नका. दिवाळी, नाताळ आणि मे महिना निवासाच्या अ‍ॅपचे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा लिलावही थंड. म्हणजे तिन्ही अ‍ॅपना मोकळा असा काळ जून-जुलैचाच. पण नेमके त्याच वेळी वीज आणि नेट जाते, तेव्हा तयारी मे महिन्यातच करून ठेवा.

नवी जुडी ठरली की चांगल्या नेटवर एकदा तिन्ही अ‍ॅपची पूर्ण रिलीज बिल्ड करा, म्हणजे ग्रेडल आणि सगळ्या लायब्ररी उतरतात. रॅपरमध्ये ‘ऑल’ऐवजी ‘बिन’ वितरण लिहा. ते लहान असते, तरी शंभर एमबीच्या वरच. रॅपरची ‘नेटवर्क-टाइमआउट’ १०००० मिलिसेकंद म्हणजे १० सेकंद असते, ती ६०००० करा. डाउनलोड अर्धवट तुटले तर पुढच्या वेळी झिप उघडत नाही अशी चूक येते. होम फोल्डरातल्या ‘.ग्रेडल/रॅपर/डिस्ट्स’मधले त्या आवृत्तीचे फोल्डर पुसून पुन्हा सुरू करा. दुसऱ्या संगणकाला तेच पुन्हा उतरवायला लावू नका. आधी ‘स्टॉप’ने डेमन थांबवा, ‘कॅशेस’मधले ‘मॉड्यूल्स-२’ फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, त्यातल्या ‘लॉक’ फायली आणि ‘जीसी.प्रॉपर्टीज’ काढा, आणि दुसऱ्या संगणकावर ‘ग्रेडल-आरओ-डेप-कॅश’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याच्या वरच्या फोल्डरचा पाथ द्या. दोन्हीकडे ग्रेडलची आवृत्ती एकच हवी. त्यानंतर ‘--ऑफलाइन’ लावून बिल्ड करून पाहा. ती पूर्ण झाली तर पावसात नेट गेले तरी काम अडणार नाही, आणि अडली तर कोणती लायब्ररी राहिली हे चुकीतच लिहिलेले असते.

जूनमध्ये सामाईक बिल्डवर आणायची सुरुवात मासळीच्या अ‍ॅपपासून करा, कारण त्याला जुने ओझे नाही. मग निवास आणि शेवटी आंबा. प्रत्येक अ‍ॅप सामाईक बिल्डवर येण्याआधीच्या कमिटला टॅग लावून ठेवा, आणि त्या वेळच्या रिलीजची मॅपिंग फाइलही जपून ठेवा. जुन्या आवृत्तीचा क्रॅश-अहवाल तिच्याशिवाय वाचता येत नाही.